योहान क्रायफ कोच म्हणून नेमकं काय करायचा, आणि त्यातलं मुलांना काय शिकवता येतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डच फुटबॉलपटू क्रायफकडे कोचिंगचा डिप्लोमा नव्हता, तरी त्याने अजॅक्स आणि बार्सिलोना या क्लबांना युरोपचे चषक मिळवून दिले. मग ही त्याच्या स्वतःच्या खेळाची पुण्याई, की हाताखाली आलेल्या खेळाडूंची? पुढे तुम्ही विचारलंय की शाळेच्या १५ वर्षांखालच्या संघाला त्याचं ३-४-३ (मागे तीन, मध्ये चार, पुढे तीन) शिकवायचं असेल तर सुरुवात कुठून करायची.

दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच अडचण आहे. मोठ्या खेळाडूला मैदानावर जे दिसतं ते आपोआप दिसतं. तेच अकरा जणांना दिसावं म्हणून सरावात काय ठेवायचं, हे त्याला बहुधा सांगता येत नाही, आणि म्हणून कितीतरी थोर खेळाडू कोच म्हणून फसतात. क्रायफला ते सांगता आलं, कारण त्याने आपली नजर अंतरांत आणि संख्येत बसवली. कोण कोणापासून किती मीटरवर उभा आहे, बॉलभोवती आपले किती आणि त्यांचे किती, पास घेताना छाती कुठल्या दिशेला आहे. मुलांना शिकवताना मी त्याच्याकडून घेतो ते एवढंच. ३-४-३ ही रचना त्या विचारातून निघाली. तुमच्या मुलांसाठीही तीच निघेल असं नाही. ते कशाकशावर अवलंबून आहे ते पुढे येईलच.

आधी त्याची खेळाडू म्हणून कारकीर्द, पण कोचच्या नजरेने. जन्म १९४७ चा, ॲमस्टरडॅमच्या बेटोनडॉर्प वस्तीतला, अजॅक्सचं जुनं दे मीर मैदान तिथून अगदी जवळ. वयाच्या दहाव्या वर्षी क्लबच्या मुलांच्या संघात, आणि नोव्हेंबर १९६४ मध्ये, सतरा वर्षांचा असताना, मुख्य संघात. दोनच महिन्यांत, जानेवारी १९६५ मध्ये, रिनस मिशेल्स कोच म्हणून आले. तेव्हा अजॅक्स लीगच्या तळाच्या भागात चाचपडत होता; पुढच्याच मोसमात त्यांनी लीग जिंकली, आणि १९७१, १९७२, १९७३ असे सलग तीन युरोपियन कप. यातले शेवटचे दोन श्तेफान कोवाच यांच्या हाताखाली.

या काळातल्या खेळाला ‘टोटल फुटबॉल’ म्हणतात, आणि तिथेच गैरसमज सुरू होतो. सगळ्यांनी सगळीकडे धावायचं असा त्याचा अर्थ बरेच जण घेतात. प्रत्यक्षात नियम असा होता की जागा रिकामी राहता कामा नये; ती कोण भरतो याला महत्त्व नाही. सुर्बियर किंवा क्रॉल बचावातून कडेने वर गेला, तर मधल्या फळीतला एक जण त्याच्या मागे सरकायचा. पुढचा माणूस मागे आला, तर त्याने सोडलेल्या जागेत दुसरा शिरायचा. अदलाबदल बहुतेक उभ्या रेषेत, म्हणजे एकाच पट्ट्यात पुढे-मागे होत असे. त्यामुळे बॉल गेला की परत येण्याचं अंतर कमी राहायचं. आडव्या अदलाबदलीत, डावीकडचा उजवीकडे गेला की, हेच अंतर एकदम वाढतं. तुमच्या मुलांना ‘मोकळं खेळा’ असं सांगाल तेव्हा हा फरक सांगायला विसरू नका, कारण मुलं हमखास आडवी धावतात, थेट बॉलच्या मागे.

क्रायफ स्वतः सेंटर-फॉरवर्ड, म्हणजे मधला सर्वांत पुढचा खेळाडू होता, पण तिथे उभा राहायचा नाही. तो मागे यायचा, आणि समोरच्या स्टॉपरपुढे (मधल्या बचावपटूपुढे) पेच टाकायचा: मागे जावं तर आपली जागा उघडी पडते, न जावं तर जगातला सर्वांत हुशार पासर मोकळा राहतो. १९७४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातलं पहिलं मिनिट कधीतरी शांतपणे बघा. बॉल मध्यवर्तुळापाशी क्रायफकडे येतो तेव्हा जवळजवळ सगळे सहकारी त्याच्या पुढे आहेत. तिथून तो फोग्ट्सला चकवून पेनल्टीच्या चौकटीत जातो, होएनेस त्याला पाडतो, नेस्केन्स पेनल्टीवर गोल करतो, आणि तोवर एकाही जर्मन खेळाडूचा बॉलला पाय लागलेला नाही. नेदरलंड्सने तो सामना १-२ गमावला, पण सेंटर-फॉरवर्ड मागे आल्यावर काय उलगडतं त्याचा याहून स्वच्छ धडा मला माहीत नाही.

त्याच संघात आणखी दोन गोष्टी आहेत, ज्या त्याने पुढे कोच म्हणून जशाच्या तशा उचलल्या. आरी हान हा मधल्या फळीचा खेळाडू, त्याला बचावाच्या मध्यभागी खेळवलं होतं. आणि गोलरक्षक यान योंगब्लूड निवडला गेला तो पायाने खेळतो आणि गोलरेषा सोडून पुढे उभा राहतो म्हणून. बचावफळी मध्यरेषेपर्यंत वर चढवायची असेल तर तिच्या मागचे चाळीसेक मीटर कुणीतरी सांभाळायला हवेत, आणि ते काम गोलरक्षकाचंच.

१९७३ मध्ये क्रायफ बार्सिलोनाला गेला आणि पहिल्याच मोसमात, १४ वर्षांनी, त्यांना लीग मिळाली. पुढची अमेरिकेतली वर्षं आणि लेव्हान्तेमधला छोटा मुक्काम इथे सोडून देतो. कोचिंगच्या दृष्टीने मोलाची गोष्ट नोव्हेंबर १९८० ची आहे. क्रायफ अजॅक्समध्ये तांत्रिक सल्लागार होता. ट्वेंटेविरुद्ध संघ १-३ ने मागे असताना तो प्रेक्षागृहातून उतरून कोच लिओ बीनहाकर यांच्या शेजारी बाकावर येऊन बसला आणि खेळाडूंच्या जागा हलवू लागला. अजॅक्सने ५-३ असा विजय मिळवला. नंतर तो पुन्हा खेळू लागला, अजॅक्सकडून १९८२ आणि १९८३ ची लीग जिंकली, आणि करार पुढे न गेल्यावर थेट प्रतिस्पर्धी फायेनूर्डकडे जाऊन १९८४ मध्ये लीग आणि कप दोन्ही जिंकून निवृत्त झाला. तेव्हा तो ३७ वर्षांचा होता. पायात वेग उरलेला नव्हता, आणि फायेनूर्डमधला तरुण रुड गुलिट त्याच्या अवतीभोवती धावत होता. कोचिंगचा खरा डिप्लोमा त्याने या शेवटच्या तीन वर्षांत कमावला असं मी मानतो. वेग गेल्यावर खेळाडूला दुसऱ्यांना योग्य जागी उभं करूनच जगावं लागतं.

कागदावरचा डिप्लोमा मात्र नव्हता. म्हणून १९८५ मध्ये अजॅक्सने त्याला ‘तांत्रिक संचालक’ या नावाने आणलं आणि काम मुख्य कोचचं दिलं. पहिल्या मोसमात ३४ सामन्यांत १२० गोल झाले, त्यातले ३७ एकट्या मार्को व्हान बास्टनचे. लीग मात्र पीएसव्हीने जिंकली. हा आकडा तुम्ही लक्षात ठेवावा असं मला वाटतं, कारण त्यात या पद्धतीची ताकद आणि किंमत दोन्ही आहेत. जो संघ प्रत्येक सामन्यात इतका पुढे चढतो त्याला गोल भरपूर मिळतात, पण मागे जागा सोडल्याचा हिशेबही कधीतरी द्यावा लागतो. दोन डच कप आले, आणि मे १९८७ मध्ये अथेन्सला लोकोमोटिव्ह लाइपझिगला १-० ने हरवून कप विनर्स कप, म्हणजे देशोदेशीचे कप जिंकणाऱ्या संघांची युरोपची स्पर्धा. डेनिस बर्गकॅम्पला त्याने सतराव्या वर्षी मुख्य संघात आणलं. दुसरीकडे फ्रँक रायकार्डशी त्याचं बिनसलं आणि रायकार्ड क्लब सोडून गेला. क्रायफच्या कोचिंगमध्ये माणसांशी वागण्याची बाजू खडबडीत होती, आणि ती मुलांबरोबर उचलायची नाही.

आता ३-४-३ चं गणित. त्या काळात बहुतेक संघ ४-४-२ खेळत, म्हणजे समोर दोन फॉरवर्ड. दोघांना अडवायला तीन पुरे: दोघे पकडणारे आणि एक मोकळा. चौथा बचावपटू तिथे नुसता उभा राहतो, म्हणून त्याला मधल्या फळीत न्यायचं. तिथे चार जण एका रेषेत उभे करायचे नाहीत, हिऱ्याच्या आकारात ठेवायचे: तळाला एक, दोन बाजूंना दोन, टोकाला एक. रेषेत उभे राहिले तर प्रत्येकाला फक्त शेजारचा पास मिळतो. हिऱ्यात प्रत्येकाला तिरके पास मिळतात, आणि तिरका पास घेणाऱ्याला पुढचं मैदान दिसतं. समोरचे चार रेषेत आणि आपले चार हिऱ्यात असले की टोकाचा माणूस त्यांच्या मधल्या फळीच्या मागे आणि बचावाच्या पुढे आपोआप मोकळा सापडतो. पुढचे तीन म्हणजे दोन विंगर, अगदी कडेच्या रेषेवर बूट टेकून, आणि मध्ये एक. विंगर रेषेवर का? समोरच्या चार बचावपटूंना ६८ मीटर रुंदी सांभाळायला लावायची म्हणून. ते ताणले गेले की त्यांच्यामधल्या फटी रुंदावतात. विंगरला दहा मिनिटं बॉल मिळाला नाही तरी तिथे उभं राहून तो काम करत असतो, आणि हे मुलांना पटवणं फार अवघड जातं.

हे सगळं पूर्णपणे उभं राहिलं ते बार्सिलोनात. १९८८ च्या वसंतात तिथले खेळाडू अध्यक्ष नून्येझ यांच्या विरोधात उघडपणे उभे राहिले होते, त्यानंतर मोठी साफसफाई झाली. क्रायफ आला तो बाकेरो, बेगिरिस्ताइन, सालिनास, युसेबिओ अशी नवी मंडळी घेऊन, सोबतीला सहायक कार्लेस रेशाक. १९८९ मध्ये सॅम्पडोरियाला हरवून कप विनर्स कप मिळाला, पण लीगमध्ये पहिल्या वर्षी दुसरा आणि दुसऱ्या वर्षी तिसरा क्रमांक. रेआल माद्रिद सलग पाच वर्षं लीग जिंकत होती. एप्रिल १९९० मध्ये माद्रिदलाच २-० ने हरवून मिळालेल्या स्पॅनिश कपाने त्याची नोकरी वाचवली, असं म्हणायला हरकत नाही. तो अंतिम सामना गेला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. कोचच्या यशात त्याला मिळालेला वेळ किती मोठा असतो ते इथे दिसतं.

१९८९ मध्ये रोनाल्ड कूमान आणि मायकेल लाउड्रप आले, १९९० मध्ये स्तॉइचकोव्ह. त्याच डिसेंबरात १९ वर्षांचा पेप ग्वार्डिओला पहिल्यांदा लीगमध्ये खेळला. आता बघा, कूमान वेगवान नव्हता आणि ग्वार्डिओला अंगाने काटकुळा. बचावाच्या मध्यभागी आणि हिऱ्याच्या तळाशी, म्हणजे जिथे सगळे धिप्पाड आणि चपळ माणसं ठेवतात तिथे, क्रायफने हे दोघे उभे केले. त्यामागचा विचार असा की त्या दोन जागांवर सर्वांत जास्त बॉल येतो, तेव्हा तिथे सर्वांत चांगला पास देणारा हवा. मग त्यांची उणीव अंतराने झाकायची. बचावफळी वर, मधली फळी जवळ, गोलरक्षक पुढे. संघ ३० ते ३५ मीटरच्या पट्ट्यात राहिला तर कूमानला ४० मीटर धावण्याची वेळ क्वचितच येते. त्याला पाच-सात मीटर आधी सरकावं लागतं, आणि ते काम पायाचं कमी, नजरेचं जास्त. फेरेर आणि दुसरा बाजूचा बचावपटू मात्र खरोखर चपळ हवेत, कारण रुंदीचा सगळा भार त्यांच्यावर पडतो.

फेब्रुवारी १९९१ मध्ये क्रायफच्या हृदयावर बायपास शस्त्रक्रिया झाली आणि काही आठवडे रेशाकने संघ सांभाळला. संघ ढासळला नाही, त्याच वर्षी त्यांनी लीग जिंकली. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे मिळतं. सगळं जर क्रायफच्या बोलण्या-दटावण्यावर चाललं असतं, तर तो नसताना गाडी थांबली असती. रोजच्या सरावात रुजलेलं टिकून राहिलं.

मग १९९१ ते १९९४ सलग चार लीग, आणि २० मे १९९२ ला वेम्ब्लीवर सॅम्पडोरियाविरुद्ध जादा वेळेत कूमानच्या फ्री-किकवर क्लबचा पहिला युरोपियन कप. आठ वर्षांत एकूण ११ चषक. पण प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की त्या चारपैकी तीन लीग शेवटच्या दिवशी दुसऱ्याच्या चुकीने हाती आल्या. १९९२ आणि १९९३ मध्ये रेआल माद्रिद अखेरच्या सामन्यात तेनेरिफेकडून हरली, १९९४ मध्ये देपोर्तिव्होच्या जुकिचची शेवटच्या क्षणीची पेनल्टी अडवली गेली. नशीब होतंच. मात्र शेवटच्या दिवसापर्यंत इतक्या जवळ राहणं हे नशिबाने होत नाही.

मे १९९४ चा अथेन्समधला अंतिम सामना, मिलानकडून ०-४, हा क्रायफच्या पद्धतीत काय बिघडतं याचा उत्तम नमुना आहे, म्हणून तिथे थोडा थांबतो. मिलानकडे बारेसी आणि कोस्ताकुर्ता दोघेही निलंबनामुळे नव्हते, सगळे बार्सिलोनाला पसंती देत होते. तीनच परदेशी खेळवता येण्याच्या नियमामुळे क्रायफने कूमान, स्तॉइचकोव्ह आणि रोमारिओ यांना घेतलं आणि लाउड्रपला बाहेर ठेवलं. रोमारिओने त्या मोसमात लीगमध्ये ३० गोल केले होते, तेव्हा निवड समजण्यासारखी होती. पण लाउड्रप गेल्यावर मागे येऊन मधल्या फळीत एक माणूस वाढवणारा फॉरवर्ड गेला. त्याच जागी मिलानच्या डेसाईने अंगावर धावून ग्वार्डिओलाला वळूच दिलं नाही. तळाचा माणूस अडकला की कूमान आणि नडाल या बचावपटूंपुढे फक्त लांब पास उरतो. त्यात तिसरा गोल नीट बघा: साविचेविचने नडालकडून बॉल काढून घेतला आणि पुढे आलेल्या झुबिझारेताच्या डोक्यावरून उचलून मारला. पुढे उभा राहणारा गोलरक्षक ज्या कारणाने उपयोगी पडतो, नेमक्या त्याच कारणाने तो तिथे उघडा पडला. लाउड्रप त्या उन्हाळ्यात रेआल माद्रिदला गेला, संघ विस्कटत गेला, आणि मे १९९६ मध्ये क्लबने क्रायफला पदावरून काढलं.

मग पुण्याई कुणाची? खेळाडू उत्तम होते, पैसा होता, पण तोच पैसा आणि तितकेच चांगले खेळाडू आधीच्या कोचांनाही मिळाले होते. क्रायफने बदललं ते सरावात आणि निवडीत. क्लबच्या मुलांच्या संघांनीही मुख्य संघाच्याच रचनेत खेळावं असा आग्रह धरला, आणि मुलं निवडताना उंची-वजनापेक्षा बॉलवरचा पहिला स्पर्श वर ठेवला. एक श्रेय मात्र योग्य माणसाला द्यायला हवं: बार्सिलोनाच्या मुलांच्या सरावात ‘रोंदो’ हा प्रकार (बाहेरच्यांनी आपसात पास देत राहायचं, मधल्यांनी बॉल काढून घ्यायचा) क्रायफच्या आधी, १९७० च्या दशकात, लाउरेआनो रुईस यांनी आणला. क्रायफने त्याला मुख्य संघाच्या रोजच्या कामाचा कणा बनवलं.

हा धागा आपल्याकडेही पोचलेला आहे. बार्सिलोनाच्या मुलांच्या संघांत कोच म्हणून घडलेले सर्जिओ लोबेरा २०१७ पासून एफसी गोवाकडे होते, आणि २०२०-२१ मध्ये त्यांच्या मुंबई सिटीने इंडियन सुपर लीगचे (आयएसएल) लीग शील्ड आणि चषक दोन्ही जिंकले. त्या दोन्ही संघांत अहमद जाहू तळाच्या जागेवर कसा खेळतो ते मुलांना दाखवा. तो दोन स्टॉपरच्या मध्ये उतरतो, त्यामुळे बाजूचे बचावपटू वर जाऊ शकतात, आणि तिथून तो कडेला लांब तिरका पास टाकतो. १९९२ च्या धूसर चित्रफितीपेक्षा मुलांना हे लवकर कळतं.

आता तुमचा संघ. पहिले सहा ते आठ आठवडे रचनेचं नावही काढू नका. सुरुवात रोंदोने करा. मुलं नवखी असतील तर चार विरुद्ध एक, ६ बाय ६ मीटरच्या चौकोनात. जरा सरावलेली असतील तर पाच विरुद्ध दोन, ८ बाय ८ मीटरमध्ये. कोपऱ्यांना मार्कर, हाताशी चार-पाच बॉल, म्हणजे बॉल बाहेर गेला की खेळ थांबत नाही. एक फेरी ९० सेकंदांची, सहा ते आठ फेऱ्या, मधे ३० सेकंद विश्रांती. १५ ते २० मिनिटांत सगळं आटोपतं.

तीन गोष्टींवर लक्ष ठेवा. पहिली, पास येण्याआधी मूल खांद्यावरून मागे बघतं का. दुसरी, बॉल लांबच्या पायाने घेतं का; डावीकडून आलेला बॉल उजव्या पायाने घेतला की शरीर आपोआप उघडतं आणि पुढचा पास दिसतो. तिसरी, मधल्या दोघांच्या फटीतून पास जातो का. शेजाऱ्यालाच पास देत राहिले तर रोंदो नुसता गोल गोल फिरतो आणि मुलं काही शिकत नाहीत. म्हणून फटीतून गेलेल्या पासला वेगळा गुण ठेवा. आणखी एक नियम घाला: ज्याच्याकडून बॉल आला त्यालाच लगेच परत दिला तर तो पास मोजायचा नाही. दोन-तीन सरावांत मुलं ‘तिसरा माणूस’ शोधायला लागतात, आणि क्रायफच्या फुटबॉलचं मर्म तिथेच आहे: अ कडून ब कडे पास जात असतानाच क ने हलायला हवं.

नेहमी बिघडतं ते असं. मुलं मार्करला चिकटून उभी राहतात; त्यांना सांगा की जागा बाजूची आहे, कोपऱ्याची नाही, बॉल हलला की बाजूवर दोन मीटर सरकायचं. मधली दोघं कंटाळून चालतात. त्यांनी बॉल काढून घेतल्यावर पाच सेकंदांत बाहेरच्यांनी तो परत मिळवायचा, नाहीतर मधल्यांना गुण, असं केलं की दोन्हीकडचा आळस जातो. आणि तुमचं मैदान खडबडीत, लाल मातीचं असेल तर एका स्पर्शाचा हट्ट धरू नका. उसळणाऱ्या बॉलवर एका स्पर्शात पास मागितला की मुलं घाबरून बॉल कुठेही लाथाडतात. दोन स्पर्श द्या आणि चौकोन एक-एक मीटरने वाढवा. बॉलमध्ये हवा थोडी कमी ठेवली तरी उसळी आटोक्यात येते.

त्यानंतर चारास चार आणि तीन तटस्थ, म्हणजे बॉल ज्यांच्याकडे असेल त्यांच्या बाजूने खेळणारे. साधारण २५ बाय १८ मीटरचा आयत. ज्या चौघांकडे बॉल आहे त्यांनी लांब बाजूंवर पसरायचं, प्रत्येक बाजूला दोघे. तटस्थांपैकी दोघे दोन टोकांना आणि एक मध्यभागी. म्हणजे बॉलवाले नेहमी सात, समोर चार. बॉल गेला की पसरलेल्या चौघांनी तत्काळ आत येऊन दाबायचं, म्हणजे बॉल परत घ्यायला अंगावर जायचं, आणि दुसरे चौघे बाहेर पसरायचे. फेरी दोन ते तीन मिनिटांची, विश्रांती दीड मिनिट. मधला तटस्थ म्हणजे तुमचा उद्याचा ग्वार्डिओला. प्रत्येक मुलाला तिथे पाळीपाळीने ठेवा, मग कोण त्या जागेचा आहे हे तुम्हाला दोन आठवड्यांत कळेल. तो समोरच्याच्या पाठीमागे लपतो का, की दोघांच्या मधल्या फटीत दिसेल असा उभा राहतो, एवढंच बघायचं.

यात चूक होते ती आकाराची. आयत फार मोठा ठेवला तर बॉल राखणं सोपं होतं पण बॉल गेल्यावर दाबायला अंतर फार पडतं, आणि खेळ नुसत्या धावाधावीचा होतो. फार लहान ठेवला तर पास तुटत राहतात. सलग सहा-सात पास अधूनमधून जमतात पण नेहमी जमत नाहीत, असा आकार सापडेपर्यंत मार्कर हलवत राहा.

हे बसल्यावरच रचनेकडे या, आणि तेही चारास चारच्या छोट्या सामन्यातून: एक मागे, दोन कडेला, एक पुढे. हा छोटा हिरा आहे, आणि डच लोक मुलांच्या सरावात या चारास चारला फार मानतात ते यासाठीच. अकरांच्या खेळात पुढे तुम्हाला तीन गोष्टी तपासायच्या आहेत. गोलरक्षक पायाने दोन्ही बाजूंना १५ मीटरचा पास देऊ शकतो का? बाजूचे दोन बचावपटू समोरच्या विंगरइतके वेगवान आहेत का? आणि तळाच्या जागेसाठी असा मुलगा आहे का, जो बॉल येण्याआधीच पुढचा पास ठरवून ठेवतो? तिन्हींना ‘हो’ असेल तर ३-४-३ खुशाल खेळा.

एकाला जरी ‘नाही’ असेल, तर ४-३-३ ठेवा आणि बॉल आपल्याकडे असताना एका बाजूच्या बचावपटूला मधल्या फळीत आणा. बॉल असताना तीन, नसताना चार. आता समोरचे संघ बऱ्याचदा एकच फॉरवर्ड खेळवतात, तेव्हा मागे तीन मोकळे ठेवण्याचं कारणही उरत नाही. दोन आणि तळाचा माणूस पुरतो. क्रायफनेही तीनचा आकडा समोरच्या दोघांकडे बघूनच काढला होता. तुमच्या गटातले संघ पुढे कितीजण ठेवतात ते आधी दोन सामने वहीत टिपून घ्या, आणि मागे त्यांच्यापेक्षा एकच जास्त ठेवा.